जपायच्या झाडांना लाल फिती

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. झुडपांत वाकून वाकून कंबर धरली आहे. खरोखर घातला असता तर उठवायला माणूस लागला असता.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. झोप तेवढी लागत नाही, आणि त्याचंच कारण सांगायला बसलो आहे.

ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, की कंपनी लाकडासाठी नीलगिरी लावते आणि तोडते, त्यात लोकसंपर्क अधिकारी कशाला हवा? तोडण्याआधी आसपासच्या लोकांना विचारायचं असतं, असं मी ऐटीत सांगितलं, आणि तुम्ही हसलात. तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

तर मी शाळेच्या खोलीत सभा घेतली. खुर्च्या चाळीस, माणसं नऊ. त्यातली पाच शेजारच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत टेकायला आलेली. (पैकी एकाने माझ्या भाषणाच्या मध्यावर शर्टाची बाही वर केली. त्याला वाटलं, मीच डॉक्टर.) प्रश्न विचारला तो एकट्या मधमाश्या पाळणाऱ्या बाईंनी. आमच्या नीलगिरीच्या कडेच्या रांगेखाली त्यांच्या तीस पेट्या. झाडं ऐन फुलोऱ्यात. "फुलं गळेपर्यंत थांबाल का? तीनच आठवडे." एवढंच त्यांचं मागणं.

मामा, मी जन्मात पहिल्यांदा साहेबांशी भांडलो आणि जिंकलो. एक रांग तीन आठवडे राखायची, असं लेखी आणलं. बाईंनी पेट्या दूर नेण्यासाठी ठरवलेली गाडी माझ्या शब्दावर परत पाठवली. मग दोन दिवस खपून मी साठ झाडांना स्वतःच्या हातांनी लाल फिती बांधल्या. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे थांबा, हे शेंबडं पोरही सांगेल.

तोडणाऱ्या टोळीत मात्र लाल फीत म्हणजे 'हे आधी पाडा'. राखायच्या झाडाला ते पांढरा पट्टा मारतात.

तोड सुरू झाली त्या सकाळी मी कचेरीत बसून बाईंशी झालेल्या चर्चेचा अहवाल लिहीत होतो. यंत्राचा आवाज येत होता आणि मला (लाज वाटते सांगायला) प्रसन्न वाटत होतं. जाऊन पाहतो तर साठच्या साठ आडवी. मुकादम घाम पुसत म्हणाला, "साहेब, इतकी नीट खूण कुणी करत नाही. एक झाड चुकलं नाही आमचं." लाल फितीत कामं अडकतात, असं आयुष्यभर ऐकलं, माझ्या फितीत नेमकं अडकायला हवं होतं तेव्हा अडकलं नाही. पडलेल्या फांद्यांवर फुलं तशीच होती आणि माश्या त्यांवर घोंगावत होत्या. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

मुकादमाचा फोन नंबर चार दिवस माझ्या खिशात होता, मामा. सगळ्यांना विचारलं, ज्याच्या हातात यंत्र, त्यालाच विचारायचं राहिलं.

बाईंनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून तयार होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "आधीचे साहेब न विचारता तोडायचे. तुम्ही विचारून तोडलंत."

वर, कंपनीचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घ्यायचाच होता. चर्चा झाली का? झाली. म्हणणं ऐकून घेतलं का? घेतलं. बाई खरं बोलणाऱ्या. पैकीच्या पैकी गुण. पुढे काय झालं, हा रकानाच नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. (कंबरेतून कळ गेली.)

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. तुमचं सूर्यफूल फुललं आहे, असं मामींनी मागे कळवलं होतं. मधमाश्या आल्या की दाणा चांगला भरतो म्हणे. बांधावर तीस पेट्या ठेवायला तुमची काही हरकत आहे का? अगदी मोकळेपणाने सांगा.

ता. क. २. पेट्या काल निघाल्या. बरोबर बाई आहेत. तुमची परवानगी मी आधीच घेतली आहे, असं त्यांना सांगितलंय. तेवढं खोटं पाडू नका.