पहाटे चारची सोबत

डिंडोली, सुरत
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

चि. लोटू यास भिकनदादाचा आशीर्वाद. मायच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीच्या टाचेचं दुखणं कमी आहे. वर्षा आठवीत आहे. शाळा मराठी, पण मैत्रिणींशी गुजरातीच बोलते, आणि मी हाक मारली तर 'शुं पप्पा' म्हणते. आमच्या लूमच्या खात्यात शेठने चार जुने माग काढून नवे बसवले. आवाज तोच. आज सुट्टी आहे, घरातली दोघी बाजारात गेल्यात, म्हणून लिहायला बसलो.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र मिळालं. त्याआधीची तिन्ही मिळाली होती. त्यांची उत्तरं तुझ्या वहिनीने लिहिली आणि खाली माझं नाव घातलं, हे अक्षरावरून तू ओळखलंच असशील. दोन वर्षं होत आली, दादा गावाकडे का येत नाही, असं तू दर पत्रात विचारतोस. सुट्टी मिळत नाही असं मी कळवायला सांगत आलो. सुट्टी मिळते, लोटू. मागच्या उन्हाळ्यात तर सुताचे बीम आले नाहीत म्हणून खातं आठ दिवस बंद होतं. मी ते आठही दिवस डिंडोलीतच बसून काढले.

मी पळायला लागलो हे वहिनीने तुला कळवलं. ते खरं आहे. पण कसं लागलो ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

तुला आम्ही गावी पाठवलं त्यानंतरचे सहा-सात महिने मी माणसात नव्हतो. इथे दारूबंदी आहे म्हणतात, पण ज्याला हवी त्याला मिळते. मागावर उभा असताना तार तुटायची आणि मला दिसायची नाही. कापडात वीत-वीत दोष जायचा. शेठने दोनदा घरी पाठवलं. आणि गंमत बघ, कितीही प्यायलो तरी पहाटे चारला जाग यायचीच. चार वर्षं तू उठवलंस ना, ती सवय अंगात राहून गेली होती. तू नव्हतास, आणि मी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायचो. रोज.

श्रावणात एकदा असाच जागा झालो आणि घरात थांबवेना. उठलो, चपला घालून रेल्वे फाटकापर्यंत पळालो. तिथे उलटी झाली. फाटकवाला म्हणाला, 'काका, घर जाओ.' दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तू म्हणायचास, 'दादा, पळणं कोणालाही जमतं, रोज उठणं जमलं पाहिजे.' मला ते तेव्हा पोरकट वाटायचं. सायकलवर बसून तुझ्या मागून येणाऱ्या मला काय कळणार? पहिले दोन महिने मी नुसतं उठायला शिकलो. चारला उठायचं तर नऊला झोपायला हवं, नऊला झोपायचं तर संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन चालत नाही. अशी ती दारू सुटली. मी काही शपथ वगैरे घेतली नव्हती. त्या वर्षी नव्याने रातपाळी लागली, त्या आठवड्यात सकाळी खात्यातून सुटलो की उन्हात पळायचो, कानात मागांची खटखट असायची, आणि पाय आपोआप त्या तालावर पडायचे.

मी मनाशी एक ठरवलं होतं. पर्वत पाटियाच्या पुढे, जिथे ते झालं तिथपर्यंत ज्या दिवशी न थांबता पळत जाईन, त्या दिवशी लोटूला पत्र लिहीन. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी तिथे पोचलो. रस्त्याकडेला उभा राहिलो, घरी आलो आणि लिहिलं नाही. मग ठरवलं, कामरेजपर्यंत. होळीला कामरेज गाठलं. लिहिलं नाही. मग ठरवलं, कामरेजला जाऊन परत, एका दमात. तेही या पावसाळ्यात जमलं. दर वेळी मी खूण पुढे सरकवत गेलो. एवढं अंतर पळू शकणाऱ्या माणसाला एक पान लिहिता येत नव्हतं.

आणि आता तुझं हे पत्र. तू लिहिलंस, 'दादा, डिसेंबरात पुण्याची बेचाळीस किलोमीटरची शर्यत तू पळ. मी तीन वर्षं तिच्यासाठी तयारी केली होती, ती वाया गेली असं मला वाटणार नाही. माझ्या नावाने पळ.' आणि खाली पुन्हा तेच, जे तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस: 'त्या दिवशी तू सोबत नव्हतास ते बरंच झालं. नाहीतर टेम्पोने आधी तुझी सायकल उडवली असती आणि मायला दोन्ही पोरं गमवावी लागली असती.'

ही ओळ वाचल्यावर मला जेवण गेलं नाही.

आता ऐक. मी सरळ लिहितो.

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता. तारांवर पतंगांच्या दोऱ्या लोंबत होत्या. बारडोलीच्या शर्यतीत तू तिसरा आलास म्हणून आपल्या सोसायटीतल्या लोकांनी तुझा सत्कार केला, नारळ दिला, हार घातला. पाहुणे म्हणून कोणी मास्तर आले होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'आणि हे कोण?' आपल्या खात्यातला पांडुरंग मागून ओरडला, 'हा त्याचा सायकलवाला!' सगळे हसले. तूही हसलास. तुझ्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर तुला खांद्यावर घेऊन शाळेत मी सोडलं, सुरतला मी आणलं, मागाला हात लावायला मी शिकवलं. आणि चार वर्षं रोज पहाटे हँडलला बॅटरी बांधून तुझ्या मागे मी सायकल मारली, बारा तास पाळी करून. आणि मी सायकलवाला.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा दारात बसून बूट बांधत होतास. मला हाक मारलीस, 'दादा, चाल ना भो, चार वाजनात.'

मी जागाच होतो. पांघरुणातून म्हणालो, 'सायकल पंक्चर शे.'

तू म्हणालास, 'मंग मी एकलाच जास. तू निज.' आणि वर्षा जागी होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलंस.

सायकल पंक्चर नव्हती.

मला वाटलं होतं, उजेडाशिवाय तू जाणार नाहीस. एक दिवस तरी तुला कळेल मागे कोण असतो ते. तू परत आत येशील, 'राहू दे आज' म्हणशील, एवढंच मला हवं होतं. दार लागल्यावर उठून तुझ्यामागे यायला मला दोन मिनिटं लागली असती. मी कूस बदलली.

साडेपाचला पर्वत पाटियाचा चहावाला धावत सांगायला आला. मी ज्या सायकलला पंक्चर म्हणालो होतो, त्याच सायकलवर बसून तुझ्याकडे आलो. तू शुद्धीवर नव्हतास म्हणून तुला ते दिसलं नाही, आणि त्या गडबडीत तुझ्या वहिनीच्याही ध्यानात आलं नाही. टेम्पोवाला पोलिसांना सांगत होता, 'साहेब, अंधारात माणूस दिसलाच नाही.' तो खोटं बोलत नव्हता. माझी बॅटरी मागे असती तर त्याला दिसला असतास.

याहून वाईट अजून आहे. दवाखान्यात तुझा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. मी कागदावर सही केली आणि तुझे कपडे आणायला घरी आलो. घरात कोणी नव्हतं. मी खिळा घेतला आणि सायकलच्या मागच्या चाकात ठोकला. तुझ्या वहिनीने दुपारी ते बसलेलं चाक बघितलं आणि म्हणाली, 'या मेल्या पंक्चरने घात केला.' मी मान डोलावली.

मागच्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. तिने निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, 'मला काय सांगता? लोटूभाऊंना सांगा.' तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

पुण्याला मी जाणार नाही. तुझ्या नावाने पळायचा मला हक्क नाही. पहाटेचं पळणं सोडणार नाही, ते सोडलं तर मी पुन्हा कुठे जाईन ते मला माहीत आहे.

माफी मागायला मी गावी येऊ का? तू ये म्हणालास तर मिळेल त्या गाडीने येतो. नको म्हणालास तर तेही बरोबर आहे. मायला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्यामागे यायला हवा होता तो,
भिकन

~

शिंदखेडा
मंगळवार, २ डिसेंबर १९९७

ती. भिकनदादास लोटूचा नमस्कार.

पत्र मिळून दहा दिवस झाले. चार वेळा वाचलं. माय रोज विचारते, दादाने काय लिहिलंय. मी तिला टाचेचं आणि वर्षाच्या गुजरातीचं वाचून दाखवलं. बाकीचं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला आता एकच पोरगा कमावता आहे.

पांडुरंग काय म्हणाला आणि मी हसलो, ते मला आठवतसुद्धा नाही. खूप आठवून बघितलं. हार आठवतो, नारळ आठवतो, तुझा चेहरा आठवत नाही. तो मी बघितला नसेन.

मला राग आला आहे, दादा. खोटं लिहीत नाही. पाय गेला तेव्हा आला नव्हता एवढा आला. दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो, नशीब, नेमकी त्या दिवशी सायकल पंक्चर होती. आता कोणी विचारलं तर काय सांगू?

तू म्हणतोस तसं पुण्याला जाऊ नकोस. कधी गेलास तर माझं नाव घेऊन जाऊ नकोस. तुझ्या नावाने पळ. एवढ्या पहाटा तू स्वतः काढल्या आहेस, त्या तुझ्या आहेत.

एक गोष्ट मी तुम्हाला कळवली नव्हती. भाद्रपदात धुळ्याच्या शिबिरात मला जयपूरचा नकली पाय बसवला. मनात होतं, नीट चालायला लागलो की न सांगता सुरतला यायचं आणि तुमच्या दारात उभं राहायचं. पहिल्या दिवशी दहा पावलं टाकली. मांडीची कातडी सोलून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पंधरा टाकली. रोज चारलाच उठतो. माय कंदील घेऊन मागे यायची, आता एकटा जातो. आता काठी घेऊन एस.टी. थांब्यापर्यंत जाऊन परत येतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

तू गावी येऊ नकोस. आत्ता समोर आलास तर माझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही, आणि मायपुढे ते नको. वहिनीला सांग, तिने तुझ्याशी बोलत जावं. घरात कोणीतरी तुझ्याशी बोललं पाहिजे.

मीच येईन. कधी, ते विचारू नकोस आणि वाटही बघत बसू नकोस. सुरतच्या स्टेशनवर काठीशिवाय उतरता येईल तेव्हा येईन, आणि तेव्हाही मनात राग असला तर तसाच घेऊन येईन. तुझ्या घरी बसून जेवीन.

पत्राच्या शेवटी दर वेळी 'तुझा लाडका' लिहितो. आज लिहिवत नाही.

लोटू