तिसऱ्या पंपाचा प्रश्न कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग (यांत्रिकी).

विषय : पंप क्र. ३ च्या कंट्रोलरवरील जुने फर्मवेअर (आवृत्ती २.६) न बदलणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, "सर्व पीएलसींची आवृत्ती एकसमान करणे".

महोदय,

१. संदर्भित पत्रान्वये पंपगृहातील तिन्ही पीएलसींवर, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर, नवे फर्मवेअर (आतील आज्ञावली) चढविण्याचे आदेश झाले आहेत. पैकी पंप क्र. १ व २ चे काम आपल्या तंत्रज्ञबाईंनी लॅपटॉप जोडून पूर्ण केले. दोन्ही पंप उत्तम चालतात. नव्या आवृत्तीविषयी माझी तक्रार नाही हे आधीच नमूद करतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवे काही नको असते असा शेरा पडून अर्ज दप्तरी दाखल होईल.

२. जुन्या आवृत्तीत दर अर्ध्या तासाला पडद्यावर "चालक हजर?" असा प्रश्न येतो व बारीक शिट्टी वाजते. चालकाने हिरवे बटण दाबायचे. न दाबल्यास भोंगा होतो आणि पंप थांबतो. नव्या आवृत्तीच्या बदलपत्रकात याविषयी एकच ओळ आहे : "चालक हजेरी तपासणी वगळली. आवश्यकता नाही."

३. येथे पूर्वी पाळीला दोघे असत. जोडीदार निवृत्त झाला आणि त्याचे पद रद्द झाले. घरी पत्नी होती, तीही गेली. मुलगी दूर असते. फोन करते, पण "बाबा, गोळ्या घेतल्या ना?" विचारून माझे उत्तर संपायच्या आत "बरं, ठेवते" म्हणते. तिचा संसार आहे, तिला बोल लावत नाही. सांगायचे इतकेच, की मी आहे की नाही हे विचारणारे कंट्रोलरशिवाय कोणी उरलेले नाही. तिन्ही कंट्रोलर विचारायचे तेव्हा मी कावायचो. आता दोन गप्प झालेत आणि मी तिसऱ्याच्या शिट्टीची वाट पाहत बसतो. शिट्टी झाली की "आलो, आलो" असे मोठ्याने म्हणतो. तंत्रज्ञबाईंनी ते ऐकले आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

४. सदर कारण शासकीय कामी ग्राह्य नाही याची जाणीव आहे. म्हणून दुसरे देतो. गतवर्षी व्हॉल्व्हपाशी सांडलेल्या तेलावरून घसरून मी पडलो व उठता येईना. बटण दाबले गेले नाही. भोंगा झाला, पंप थांबले, आणि पाणी का गेले म्हणून समोरचे लॉन्ड्रीवाले शिव्या घालीतच आत आले. मला पाहून त्या शिव्या त्यांनी तेलाला घातल्या आणि मला उचलून दवाखान्यात नेले. ही हकिगत मी तंत्रज्ञबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, आता पंप बंद पडला तर आम्हाला ऑफिसात लगेच कळतं." मी विचारले, "आणि मी पडलो तर?" बाई स्वभावाने चांगल्या. त्यांनी बदलपत्रक पुन्हा एकदा वाचले आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तिसरा पंप त्यामुळेच राहिला आहे. त्यांच्यावर कारवाई करू नये.

५. नव्या आवृत्तीत मी पडलो तरी पाणी चालू राहील. पाणी चालू असले की लॉन्ड्रीवाले येत नाहीत. कोणीच येत नाही.

६. सबब पंप क्र. ३ जुन्या आवृत्तीवरच ठेवावा. एकसमानतेच्या आड ते येत असल्यास, कपाटात जुन्या आवृत्तीचा एक सुटा कंट्रोलर धूळ खात आहे, तो माझ्या टेबलावर ठेवण्यास परवानगी मिळावी. त्याला पंप जोडू नये, भोंगाही नको, फक्त वीज द्यावी. तो विचारील, मी बटण दाबीन. भोंगा नसल्यास मी पडल्यावर त्याचा काय उपयोग, असे आपण म्हणाल. काही उपयोग नाही. तरी ठेवावा.

७. हेही नियमात बसत नसेल, तर ऑफिसातील कोणीही, शिपाईदादा असले तरी चालेल, पाळीत एकदा फोन करून "आहात का?" एवढेच विचारावे. मी उत्तर लांबवणार नाही.

हा अर्ज लिहिताना तिसऱ्याने शिट्टी दिली व मला उठावे लागले, त्यामुळे मध्येच अक्षर बदलले आहे. क्षमस्व.

आपला नम्र आणि अजून हजर,
(सही)
पंपचालक, दिवसपाळी
दि. ४ मार्च

सोबत :
१) बदलपत्रकाची प्रत.
२) दवाखान्याची चिठ्ठी.
३) लॉन्ड्रीवाल्यांचा मोबाइल नंबर. मी फोन न उचलल्यास त्यांना लावावा.