आधी राब, मग रोप

४ मार्च
बायको सुमन आजारी पडल्यापासून हाताने केलेल्या वस्तू: भिंतीला धरून चालायचा पाइप (भंगारातल्या लूमचा, घासून गुळगुळीत). मोरीतली खुर्ची. डाव्या हातासाठी जाड मुठीचा चमचा, दोनदा मोडून केला, पहिल्याचं वजन पुढे जात होतं. उशाशी घंटीचं बटण. आयटीआय वगैरे नाही. बघून बघून शिकलो.
चालणं सुधारलंय. बोलणं नाही. लकव्यानंतर बायकोकडे एकच शब्द उरलाय, "हां". चहा हवा? हां. नको? हां.

७ मार्च
थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, तिच्या कानावरून खूपदा गेलेलं काहीतरी घ्या. अर्धं तुम्ही म्हणा, उरलेलं तिला म्हणू द्या. आरती, गाणं, काहीही. कविता चालेल का विचारलं. चालेल.
दिवाळी अंकातून कापून फळीवर डकवलेली आहे. कापताना कवीचं नाव गेलं. शेवटची ओळ: आधी राब, मग रोप. घरात इतक्यांदा म्हटलीय की मनीषा लहानपणी चिडवायची, "पप्पांचं राष्ट्रगीत सुरू." सहावीत शाळा सोडून कापडाच्या लूमवर गेलो, लूम दुरुस्त करणारा जॉबर झालो. ओळ माझ्यावरच लिहिलेली. आधी राबा, मग उगवेल.

११ मार्च
"आधी राब, मग..." आणि थांबतो.
"हां."

१५ मार्च
थांबलो, तर मान हलवली. "न्हाय."
नवा शब्द! मग ओठ जुळवत, "भाज... भाजा..." मी म्हटलं, भाजी नाही गं, रोप. रो-प. चारदा म्हणून दाखवलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर घंटी नाही.
मॅडम फोनवर म्हणाल्या, एका शब्दाऐवजी दुसराच निघतो कधी कधी, टोकू नका. टोकून झालं होतं.

१६ मार्च
मेव्हणा प्रकाश गावाहून आला. सुमनच्या वाटणीच्या पाच गुंठ्यांना गोडाऊनवाल्यांचं गिऱ्हाईक आहे. मनीषा स्वतः गोडाऊनमध्ये ड्युटीला, तिला भाव ठाऊक. म्हणाली, पप्पा, घ्या. मॅडम रोज घरी येतील. खोटं नाही. विचार करतो म्हटलं.
प्रकाश निघताना भाजीचा किस्सा सांगितला, गंमत म्हणून. तो हसला नाही. "भावजी, ती बरोबर बोलतेय. राब भाजतातच."
पेरायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात शेण, पाला पसरून जाळायचं. त्या राखेत भात पेरायचं, तिथेच रोप होतं. त्या भाजलेल्या तुकड्याला राब म्हणतात. लग्नाआधी त्यांच्याकडचा राब सुमनच भाजायची, याच पाच गुंठ्यांत.
माझा जन्म नारपोलीतला, लूमच्या वस्तीतला. शेत बघितलं ते बांधावरून, चप्पल हातात धरून. म्हणजे कवितेत कुणी कुणाला राबायला सांगतच नव्हतं. आधी जळलेली जमीन, मग रोप.
आणि हिला ठाऊक होतं. इतकी वर्षं माझं राष्ट्रगीत ऐकून गप्प. का, ते विचारून उपयोग नाही. हां म्हणेल.

१७ मार्च
सकाळी ओळ म्हटलीच नाही. म्हटलं, राब कसा भाजतात, मला येत नाही. शिकव.
तिने डावा हात चादरीवर फिरवला. "शेन." थांबली. "पाला." त्यावर चिमटीने काहीतरी भुरभुरवलं. "माती."
प्रकाशला फोन करून पडताळलं. बरोबर. वर बारीक माती घालतात, म्हणजे जाळ भडकत नाही, आत आत भाजतं.
मनीषा दारात चप्पल घालून उभी. ड्युटीला उशीर केला तिने.

१९ मार्च
ओळ परत घेतली. "आधी राब, मग..." "रोप," म्हणाली. हसली पण, तोंडाच्या एका बाजूने. ते हसू मला कळतं. आता कळलं का शहाण्याला, असं.

२१ मार्च
गोडाऊनवाल्यांच्या दलालाचा फोन. "भाभी तो बोल नहीं पाती, आप ही हाँ कर दो." म्हटलं, जमीन तिची आहे. स्पीकरवर टाकून फोन तिच्यापुढे धरला. मनातून घाबरलो होतो. नेमकं "हां" आलं तर?
दलाल हॅलो हॅलो करत होता.
"न्हाय." मग जोडून, "राब हाय."
दोन शब्द जोडून. पहिल्यांदा. दलाल म्हणे, क्या बोली? मी म्हटलं, नहीं बोली.
मनीषा चिडली. मॅडमचा खर्च कुठून आणणार? आईच्या जमिनीवर आई बोलली, एवढंच म्हटलं.
नोंद असावी म्हणून: गोडाऊनसाठी पाच गुंठे, एकरकमी बेचाळीस लाख. नाही सांगितलं.