खारीचे पट्टे

कळंब, मंगळवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९९४

काल तात्यांना, म्हणजे सासऱ्यांना, परदेशी खारीबद्दल वाचून दाखवलं. कशाला वाचलं? पाठीवर पट्टे, पट्ट्यांत ठिपके, आणि राहायची माळरानावर, बिळात. आज उसाच्या बांधाला बिळं दिसली, तसे तात्या कुऱ्हाड घेऊन अंगणातल्या बोरीकडं निघाले. बोरीवरच्या खारींनीच बांध पोखरला म्हणे.

मी त्यांना बांधावरच थांबवून बिळात पाणी ओतलं. भिजलेला उंदीर बाहेर आला आणि उसात पळाला.

"बघितलंत तात्या? पट्टा होता का अंगावर?"

"पाण्यानं धुऊन गेलं पट्टं. खारच हाय ती."

कसं समजवायचं या माणसाला? "मग वाळल्यावर दिसतील पट्टे. तोवर बोरीचं झाड तोडू नका," मी वैतागून म्हणाले.

तात्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. दिवे लागले तरी बांधावर बसलेत, उंदीर वाळून यायची वाट बघत.