पाठीवरचा खळगा

अजमान,
४ जानेवारी २०२५

ती. मैमुनाआपा यांस,
लतिकाचा सा. न. वि. वि.

पत्र पोस्टानं पाठवतेय, तेव्हा कधी पोचेल ते सांगता येत नाही. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी रडण्यात घालवते, त्यापेक्षा हे बरं. तुमच्या फ्लॅटमध्ये आता एक इजिप्शियन जोडपं आलंय. माणसं चांगली आहेत, पण सव्वीस वर्षं समोरच्या दारात वाटी घेऊन उभं राहायची सवय काही मोडत नाही. परवा शिरा केला, वाटी भरून दार उघडलं आणि तशीच आत आले.

खरी बातमी अशी, की अनिलला राक्षसांनी झपाटलंय. शारजाच्या फन पार्कमध्ये तुमचे कमरुद्दीनभाई जे मशीन चालवायचे, त्यातून निघालेले प्लॅस्टिकचे राक्षस तो शोधून शोधून विकत घेतोय. आठवतंय ना? दिरहम टाकला की साच्याचे दोन भाग घप्पकन मिटायचे, आत गरम प्लॅस्टिक सुटायचं आणि मिनिटभरात पोकळ राक्षस तयार. घरभर मेणाच्या खडूसारखा वास. आमच्या केयानं लहानपणी सात जमवले होते आणि घर आवरताना मीच ते कचऱ्यात टाकले. आता तेच राक्षस जगभरातले लोक नेटवर विकतात आणि माझा नवरा घेतो.

अकरा झालेत. टीव्हीखाली ओळीनं उभे आहेत. एक हिरवा एकडोळ्या, एक दोन शेपट्यांचा, एक बेडकासारखा पण दात असलेला. नात अस्मी म्हणते, आज्जी, दे आर सो अग्ली. तिचं बरोबर आहे, पण आजोबांना सांगायची सोय नाही. दुबईला जेएलटीच्या ऑफिसात पोरं त्याला मॉन्स्टर अंकल म्हणतात आणि तो खूश होतो.

पण हसू नका, आपा. पहिला राक्षस घरात आला तो कमरुद्दीनभाई गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात. अनिल तेव्हा रडला नाही, नुसता लॅपटॉप उघडून बसला. म्हणून मी कटकट केलेली नाही. एकडोळ्याचे तीनशे दिरहम, म्हणजे आपले सात हजार रुपये, तरीसुद्धा नाही.

आता नवं खूळ ऐका. या सगळ्यांच्या पाठीवर एकेक खळगा आहे. मशीनचा दोष म्हणे, आणि खळगा असला की भाव पडतो. अनिलनं कुठंतरी वाचलं की गरम पाण्यात धरून आतून हवा भरली की खळगा उठून येतो. काल एकावर करून पाहिलं, पाठ अगदी तुकतुकीत झाली. या आठवड्यात बाकीचे दहा. कमरुद्दीनभाईंच्या मशीनमधून निघाले तसे नवेकोरे करायचेत, असं म्हणतो. त्यासाठी माझं पुरणाचं पातेलं गेलं, ते वेगळंच.

तब्येत जपा. तुमचा फैज सुट्टीवर आलाय, लेकाला फार लाडावू नका. माया आहे तेवढी राहू द्या, कमी पडली तर मागून घेईन.

आपली,
लतिका

---

दाभोळ,
९ जानेवारी २०२५

प्रिय लतिका हिस,
मैमुनाबीचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फैज उद्या अबुधाबीकडे मुसफ्फाला परत निघतोय, त्याच्या हाती देते. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढाच उपयोग, की तुला पत्र लिहिता येतं. पाकीट घट्ट चिकटवलंय, कारण आत काय आहे ते पोराला कळायला नको.

अनिलभाईंनी पाठवलेला फोटो फैजनं मोबाइलवर दाखवला. आमच्या यांच्या मशीनचे अकरा राक्षस, रांगेत. आधी हसले, मग पदर तोंडाला लावला. फैज विचारायला लागला, तेव्हा मिरचीचा ठसका लागला म्हणून सांगितलं.

लतिका, माझं एक काम कर. फोटोत तोंडं दिसतात, पाठी दिसत नाहीत. एकेकाला उलटा करून बघ. पाठीवर खळगा असेल, तो यांच्या अंगठ्याचा आहे. राक्षस साच्यातून निघाला की हे आधी आपल्या हातात घ्यायचे आणि पाठीवर अंगठा दाबून बघायचे. अंगठा रुतला म्हणजे अजून गरम आहे, पोराचा हात भाजेल. मग थोडा वेळ पंख्यासमोर धरायचे आणि मगच द्यायचे. मॅनेजरनं कितीदा सांगितलं, कमरुद्दीन, माल खराब होतो. हे इन्शाल्ला म्हणायचे आणि पुढच्याला परत दाबायचे. घरी आले की त्या अंगठ्याला खोबरेल मी लावायचे.

यांचे कपडे मी वाटून टाकले, आमच्यात तसंच करतात. चष्मा आहे, पासपोर्ट आहे. फोटो आहेत, पण यांना फोटोत हात मागे बांधून उभं राहायची खोड. गेल्यापासून मला सारखं वाटतं, यांच्या हाताचं काहीतरी आपल्याजवळ असायला हवं होतं. मला एक राक्षस दे. अनिलभाईंना जड जात असेल तर सगळ्यात कुरूप दे, पण खळग्याचा दे. त्यात एकदा माझा अंगठा ठेवून बघायचाय. घरच्यांना सांगितलं तर म्हातारी खुळावली म्हणतील. तूही म्हणशील, पण मनातल्या मनात म्हण.

फैजबरोबर कुळथाचं पीठ आणि आंबोशी दिली आहे. अनिलभाईंना सलाम. जीव लावलास तसाच लावत राहा, लांब गेले म्हणून हात आखडू नकोस.

तुझी,
मैमुनाआपा

---

अजमान,
१७ जानेवारी २०२५

आदरणीय मैमुनाभाभी यांस,
अनिलचा स. न. वि. वि.

आपलं पत्र लतिकानं मला वाचून दाखवलं. मला पत्रं लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करावी. पाठीवर खळगा असलेला एक राक्षस आहे. हिरवा, एकडोळ्या. आपल्या गावचा मुश्ताक सोमवारी निघतोय, त्याच्याबरोबर पाठवत आहे. टॉवेलात गुंडाळला आहे, टॉवेलही ठेवून घ्यावा.

कमरुद्दीनभाई आणि मी रोज संध्याकाळी जिन्यात बसून चहा प्यायचो. बोलायचो फारसं नाही. आता न बोलता शेजारी बसायला कुणी नाही. आणखी काय लिहू, सुचत नाही.

आपला,
अनिल

---

अजमान,
२४ जानेवारी २०२५

ती. मैमुनाआपा यांस,
लतिकाचा सा. न. वि. वि., आणि कान पकडून माफी.

एव्हाना राक्षस तुमच्या हातात असेल. आपा, तो खळगा कमरुद्दीनभाईंच्या अंगठ्याचा नाही.

फैजनं तुमचं पत्र बारा तारखेला, रविवारी आणून दिलं, तोवर अनिलनं अकराही पाठी सरळ केल्या होत्या. मी पत्र वाचत होते आणि तो टीव्हीसमोर फरशीवर बसून एकेक राक्षस उलटा करून बघत होता. टॉर्च लावून बघितलं. खलास, सगळं खलास, एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, एकडोळ्यावर खळगा राहिलाय, काल नजरेतून सुटला. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

त्याच दिवशी त्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी दिसली. इस्त्रीचा चटका बसला म्हणाला. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून इस्त्रीला हात लावलेला नाही, तो हे सांगतो आणि मला पटतं! काल पट्टी बदलताना सगळं बाहेर आलं. मी भाजी आणायला खाली गेले होते, तेवढ्यात त्यानं गॅसच्या आचेवर राक्षसाची पाठ मऊ केली आणि अंगठा दाबून धरला. पहिल्यांदा चटका बसून लवकर उचलला, म्हणून परत दाबला.

मी खूप चिडले. तुम्हाला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला, असलं काही ओरडून ओरडून कसं सांगायचं? तुमचं आमच्याकडे एकच मागणं होतं आणि ते माझ्याच पातेल्यात बुडालं. अनिलनं आता सगळ्या विकणाऱ्यांना लिहिलंय, की खळग्याचाच हवा, डिफेक्टवालाच. अजून कुणाचं उत्तर नाही.

रागावलात तर पत्र लिहून रागवा, पण गप्प बसू नका. मायेचं आज काही मागत नाही, तेवढं तोंड नाही मला.

तुमची,
लतिका

---

दाभोळ,
२६ जानेवारी २०२५

प्रिय लतिका आणि अनिलभाई यांस,
मैमुनाबीचा दोघांना सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

लतिका, तुझं चार तारखेचं पत्र फिरत फिरत बुधवारी पोचलं. पाठी सरळ करतायत असं वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. म्हटलं, नशिबात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मुश्ताक टॉवेल घेऊन दारात हजर. वाटलं, अल्लानं एक माझ्यासाठी वाचवून ठेवला. दार लावून घेतलं आणि खळग्यात अंगठा ठेवला.

ठेवल्या ठेवल्या कळलं. हे डावखुरे होते. लिहिणं, स्क्रू पिळणं, राक्षस धरणं, सगळं डाव्या हातानं. जेवण आणि चहा तेवढा उजव्यानं, ती यांच्या आईनं लहानपणी रट्टे देऊन लावलेली सवय. तुमच्याकडे सव्वीस वर्षं हे जेवले आणि चहाच प्याले, मग तुम्हाला कसं कळणार? यांच्या अंगठ्याचा खळगा एकीकडे कलायचा, हा दुसरीकडे कललाय. शिवाय यांचा अंगठा माझ्याएवढाच होता. यात माझे दोन मावतील.

खोटं सांगत नाही, मी रडले आणि मला रागही आला. फसवलं, तेही माझ्या माणसाच्या नावानं. एक दिवस तो टॉवेलात तसाच पडून होता. मग अनिलभाई, तुमची चिठ्ठी परत काढून वाचली. तुमचं अक्षर मला माहीत आहे. आमच्या मीटरच्या डबीवर यांचं नाव तुम्हीच घालून दिलं होतं, छापल्यासारखं. या चिठ्ठीत ओळी खाली घसरलेल्या, काने तुटलेले, पहिलीतल्या पोरासारखं. पेन धरवत नसणार. खळग्याच्या कडेला प्लॅस्टिक काळवंडलंय तेही तेव्हा दिसलं. माझा राग तिथंच गेला.

अंगठ्याला खोबरेल लावा, दिवसातून तीनदा. लतिका, तू समोर उभी राहून लावून घे, हा माणूस लावल्याचं खोटं सांगेल आणि तेही त्याला नीट जमणार नाही. अनिलभाई, लतिकेला रागवू नका, तिनं त्या पत्रात सगळं सरळ मनानं लिहिलं होतं. आणि लतिका, तू अनिलभाईंना रागवू नकोस. पाठी सरळ केल्या त्या यांच्या आठवणीपायीच केल्या, एवढं मला कळतं.

अनिलभाई, तुम्ही एव्हाना दुसरा शोधायला लागला असाल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मिळाला तर पाठवा, मी नको म्हणणार नाही. यांचा अंगठा मला हवा आहे, आणि हवाच राहणार. पण हा परत मागू नका. कपाटात यांच्या चष्म्याशेजारी ठेवलाय. तुम्ही तो यांचा म्हणून पाठवलात, मी तुमचा म्हणून ठेवून घेतलाय.

दोघांवर माझा जीव आहे, तो तिथंच ठेवून आले होते, सांभाळा.

तुमची,
मैमुनाआपा