वर्षाराणीच्या ब्लाऊजचं माप

३ मार्च
आज शिकले एकदाची! अनुजानं मोबाईलवर तक्ता करून दिला. एका रकान्यात सेंटीमीटर टाकायचे, शेजारी इंच आपोआप येतात. आत सूत्र आहे – =B2/2.54. "आई, तू निस्ता आकडा टाक. डोकं लावू नको." बरं बाई! लग्न ठरल्यापासून धाकटी असून थोरलीचा तोरा मिरवतेय.
थोरली वर्षाराणी जर्मनीत. लग्नात करवली म्हणून उभी राहणार, तर ब्लाऊज माझ्याच हातचा हवा. तिकडं टेप सेंटीमीटरची, म्हणून हा खटाटोप.

५ मार्च
मापं आली. छाती ७६, कमर ५८, दंड २१.
तक्ता म्हणतो – छाती तीस, कमर पावणेतेवीस, दंड सव्वाआठ. काहीतरीच! पोरगी जर्मनीला गेली तेव्हा चौतीस, अठ्ठावीस, अकरा होती. तिचा पहिला फ्रॉकसुद्धा मीच शिवलाय, मला कोण शिकवणार तिचं माप?
सूत्रच बिघडलं असणार.

६ मार्च
अनुजा म्हणते, "सूत्र बरोबर हाय की गं!" मग माझी कमर टाकून बघितली. ९७. उत्तर आलं अडतीस आणि वर थोडं. तेवढीच आहे. रागच आला. माझ्यासाठी बरोबर आणि लेकीसाठी चूक, असलं कसलं यंत्र!
शेवटी टेप उलटी केली. मागच्या बाजूला सेंटीमीटर छापलेत. इतकी वर्षं गळ्यात घालून फिरते, कधी बघितले नव्हते. ५८ वर नख धरलं आणि उलटून पाहिलं. पावणेतेवीसच.
जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार
व्हिडिओ लावला. जावईबापू शेजारीच. एक मिनिट तिला सोडून जात नाहीत, किती जीव लावतात! वर्षाराणीच्या अंगात गळ्यापर्यंत जाड स्वेटर. म्हटलं, बाई, स्वतःचं माप स्वतः घेतलं की चुकतं, कुणाकडून तरी परत घे. तिनं आधी जावयांकडं बघितलं. मग म्हणाली, "माप बरोबर हाय आई. दोनदा घेतलंय. तू नीट बघ की." जावईबापू हसले, "डाएट चाललंय तिचं. इकडं सगळ्याच करतात."
हे गडहिंग्लजची एसटी डेपोत लावून घरी आले, तेव्हा यांना सांगितलं. "पोरगी जाड झाली तरी तुझी कटकट, बारीक झाली तरी कटकट! तिकडची फॅशन आसंल." झालं! हात धुतले आणि ताटावर बसले.
मी इथं, ती तिथं. भाकरीचा तुकडा तरी कसा भरवू? काही म्हणजे काही करता येत नाही मला.

११ मार्च
कापला. जुन्या मापावर!
तक्त्याचं ऐकलं नाही. पावणेतेवीस कमरेचा ब्लाऊज मी माझ्या लेकीसाठी शिवणार नाही. लग्नाला येईल, चार दिवस तूप-भाकरी खाईल, अंग भरेल. जोतिबाला गुलाल-खोबरं उधळीन. अनुजा वैतागली, "मग माप मागवलंसच कशाला?" काय सांगू तिला?

१२ मार्च
पुन्हा आकडे टाकून बघितले. तेच.

१४ मार्च
ब्लाऊज झाला. वर्षाराणीला फोटो पाठवला, खाली लिहिलं – छाती चौतीस, कमर अठ्ठावीस, तुझ्या नेहमीच्या मापाचा शिवलाय गं. बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१५ मार्च
उत्तर नाही. फोन बंद. जावयांना केला, तर म्हणाले, झोपलीय.

१७ मार्च
अनोळखी नंबरवरून वर्षाराणी! "मैत्रिणीच्या घरात हाय आई. नवऱ्याच्या घरातनं बाहेर पडलीय, आता परत जाणार न्हाय." खायलासुद्धा मोजून द्यायचा म्हणे. "फोनवर तो शेजारी बसायचा. मेसेज वाचायचा. मापातलं त्याला काय कळणार? तुला कळंल, म्हणून पाठवलीती."
आणि मी तिला उलट काय लिहून पाठवलं? चौतीस, अठ्ठावीस.