पुस्तकांच्या कव्हरावरची टिंबं

अर्जुनी मोरगाव
१२ जून २००७

चि. रंजितास,
अल्काताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. परवा मी स्टेशनवरूनच परत आले. हातात नागपूरचं तिकीट होतं, पिशवीत तुझ्यासाठी लाखोळीची डाळ होती. पण पाय असे ठणकले की बाकावरून उठता येईना. माझं सिकलसेलचं, रक्तातलं दुखणं तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी दिलेली अफूच्या जातीची गोळी एरवी तासाभरात आराम देते. परवा घेतली न घेतली सारखीच. असं दुसऱ्यांदा झालं. आई गेल्यापासून दोन वर्षं आपण एकमेकींना पाहिलं नाही गं.

यांना वाटतं, मला गोळीची सवय लागली. एरवी महिनाभर एकेका गोळीत भागते, मंग आताच दुसरी काऊन मागून राहिली, असं विचारलं. डॉक्टरांना सांगून गोळीच बंद करायची म्हणतात. मला ढोंग जमलं असतं तर शाळेच्या नाटकात दरवर्षी झाड झाले असते का?

फोनवर बोलावं तर सासूबाई शेजारी असतात, म्हणून लिहिते. तू नर्स आहेस, खरं सांग. सवयच लागली का मला?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई


नागपूर
२० जून २००७

ति. अल्काताईस,
रंजिताचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझं पत्र आल्यापासून बाकावर बसलेली तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. त्या दिवशी मी गाडीपाशी उभी होते. सगळे उतरून गेले तरी उभीच होते.

ताई, तेव्हा तुझी पाळी जवळ आली होती का? आमच्या वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, शरीरातली संप्रेरकं वर-खाली झाली की काही बायकांना ही औषधं कमी लागू पडत असावीत. पण पक्कं कोणी सांगत नाही, कारण प्रयोग बरेचसे नर उंदरांवरच झाले. हस, पण ऐक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी लाल टिंब दे, गोळी पुरली नाही त्या दिवशी निळं. तीन महिने कर आणि डॉक्टरांना दाखव. तोवर आपल्या मनाने दुसरी गोळी घेऊ नकोस. भाऊजींशी भांडूही नकोस. टिंबांना बोलू दे.

इथे तुझी उशी तशीच ठेवली आहे.

तुझी,
रंजी


अर्जुनी मोरगाव
५ ऑक्टोबर २००७

चि. रंजीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. उंदरांतही पुरुषांचंच दुखणं आधी बघतात म्हणायचं!

आता आमच्या घरचं ऐक. महिने उलटले म्हणून यांनी कॅलेंडरची तीन पानं फाडली आणि आमच्या लेकीच्या, मित्राच्या, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली. जुलै भूगोलावर, ऑगस्ट गणितावर, सप्टेंबर विज्ञानावर. मी पाहिलं आणि रडायलाच लागले. कधी नव्हे ते यांनी कारण विचारलं, मी कधी नव्हे ते सगळं सांगितलं.

मग यांनी तिन्ही पुस्तकं जमिनीवर ओळीने मांडली. तिन्हींवर निळी टिंबं लाल टिंबांच्या अगदी आधीच्या चौकोनांत. यांची चौकीदारी इटियाडोह धरणाच्या नहरावरची. म्हणाले, फाटक तेवढंच उघडलं तरी धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाणी शेवटच्या शेताच्या बांधीपर्यंत पोचत नाही. तेव्हा बांधीवाल्याला खोटं म्हणतो का आपण?

काल हे स्वतःच पुस्तकं घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी पाळीआधीच्या त्या दिवसांसाठी औषध वेगळं बांधून दिलं, दुखणं चढायच्या आधीच सुरू करायचं. गोळी बंद नाही. मित्रा मात्र पुस्तकांविना शाळेत गेली म्हणून बाईंची बोलणी खाऊन आली.

सोळा तारखेचं तिकीट यांनीच काढलं, टिंबं मोजून. कॅलेंडरवरच्या त्या चौकोनात मित्राने तुझं नाव लिहिलं आहे. जाता-येता मी त्यावर बोट ठेवते. गाडीपाशी उभी राहा.

दरवेळी पत्रातून लोभ पाठवायचे. या वेळी पाठवत नाही, घेऊनच येते.

तुझी,
ताई